सैनिकांच्या सेवाभिलेखातील दोष व त्यांची दुरुस्ती : चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशाच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

लष्करी सेवा आटोपून जवान गावी परततो, तेव्हा त्याच्याजवळ त्याच्या सेवेचे दोनच कागद असतात. एक डिस्चार्ज बुक आणि दुसरा, तो निवृत्तिवेतनास पात्र ठरला असल्यास, निवृत्तिवेतनाचा आदेश; यालाच सैनिक-कुटुंबांत पी.पी.ओ. म्हणतात. या दोन कागदांमागे एक पुष्कळ मोठा अभिलेख असतो. तो दूरच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतो. भरतीच्या दिवशी तो सुरू होतो आणि जवानाच्या आयुष्यातील प्रत्येक महत्त्वाच्या घटनेबरोबर वाढत जातो. मात्र ज्याच्याविषयी तो लिहिला जातो, त्याने तो क्वचितच वाचलेला असतो. त्यातील दोष वर्षानुवर्षे अज्ञात राहतात, त्याचे हेच मुख्य कारण होय.

दोष उघडकीस येतो तो बहुधा दोन प्रसंगी. निवृत्त सैनिक ऐंशी वर्षांचा झाला म्हणजे त्यास वाढीव निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो. १ जानेवारी २००६ पासूनच्या नियमांनुसार ही वाढ ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ व्या वर्षी ३०, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५० आणि १०० व्या वर्षी १०० टक्के अशी आहे. अशा वेळी जन्मतारखेची नोंद प्रथमच बारकाईने पाहिली जाते. दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे. सैनिक मृत्यू पावतो, त्याची विधवा कुटुंब-निवृत्तिवेतन मागते, आणि अभिलेखातील पत्नीचे नाव व तिच्याजवळील कागदांतील नाव जुळत नाही. ज्याने दोन शब्दांत खुलासा केला असता, तोच तेव्हा हयात नसतो.

दोषदुरुस्तीचा प्रश्न सामान्यतः कार्यालयीन कार्यपद्धतीचा म्हणून पाहिला जातो. तो तसा आहेच. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात तो तितकाच इतिहासाचाही आहे. येथे ज्याला चूक म्हटले जाते, ती पुष्कळदा चूक नसून त्या त्या काळची यथार्थ नोंद असते. बदललेले असते ते भोवतालचे प्रशासन. हा भेद ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती मूळ दोषापेक्षा अधिक गोंधळ निर्माण करते.

२. सेवाभिलेखाची घडण

सैन्य अधिनियम, १९५० याच्या कलम १३ अन्वये भरती अधिकाऱ्याने उमेदवारास सेवेच्या अटी वाचून व समजावून सांगावयाच्या असतात, विहित नमुन्यातील प्रश्न विचारावयाचे असतात आणि खोटे उत्तर दिल्यास शिक्षा होईल अशी ताकीद देऊन त्याची उत्तरे लिहून घ्यावयाची असतात. नाव, पित्याचे नाव, गाव, ठाणे, जिल्हा, वय, विवाह झाला आहे किंवा नाही, ही सर्व माहिती या पहिल्या दिवशीच नोंदली जाते. भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा कलम ४४ प्रमाणे अपराध आहे. भरतीपत्रकातील उत्तर हे अशा प्रकारे केवळ माहिती नसून ताकिदीनंतर दिलेले निवेदन असते. म्हणूनच पुढे ते सहजासहजी बदलू दिले जात नाही.

यानंतरचा मुख्य कागद म्हणजे शीट रोल. जवानाची संपूर्ण सेवा त्यात संक्षेपाने उतरते. तथापि शीट रोलमध्ये कोणीही मनास येईल तेव्हा काही लिहू शकत नाही. विवाह, अपत्यजन्म, बढती, बदली, रजा, इस्पितळात दाखल होणे, वारसाचे नामनिर्देशन अशा प्रत्येक घटनेचा दैनिक आदेश, म्हणजेच पलटणीच्या बोलीतील ‘पार्ट टू ऑर्डर’, प्रथम निघतो आणि त्याच्या क्रमांक-दिनांकाच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद होते. संशोधकाच्या दृष्टीने ही व्यवस्था मोलाची आहे, कारण प्रत्येक नोंदीमागे एक दिनांकित आधार असतो. अर्जदाराच्या दृष्टीनेही ती तितकीच महत्त्वाची आहे. विवाह झाला पण त्याचा आदेश निघालाच नाही, तर सैन्याच्या लेखी तो विवाह घडलेलाच नसतो.

हा अभिलेख जवानाच्या जिल्ह्यात नसतो, तो त्याच्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. महार रेजिमेंटचा सागर येथे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा कामठी येथे, मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगाव येथे, बॉम्बे सॅपर्सचा खडकी येथे, तर तोफखान्याचा नाशिक रोड येथे. अधिकाऱ्यांचे अभिलेख दिल्लीच्या सैन्य मुख्यालयाकडे असतात. सिरोंचाचा किंवा एटापल्लीचा अर्जदार आणि त्याचा अभिलेख यांच्यामध्ये असलेले हे अंतर केवळ मैलांचे नाही. ते भाषेचे आणि लिपीचेही आहे.

३. प्रदेशाचा इतिहास आणि दोषांचा उगम

उदाहरणादाखल १९३५ च्या सुमारास आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गावी जन्मलेला जवान घ्यावा. त्याचा जन्म मध्यप्रांत व वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात झाला. १९५४ साली तो भरती झाला असेल, तर त्याचे गाव मध्यप्रदेश राज्यात होते. कारण २६ जानेवारी १९५० पासून प्रांताचे ते नाव झाले आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेच गाव द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे तालुक्यांचीही फेररचना झाली. जवान आपल्या गावातून हलला नसता तरी त्याचा पत्ता चार राज्यनामांतून आणि तीन जिल्हानामांतून गेला असता. भरतीपत्रकात ‘चांदा, मध्यप्रदेश’ आणि आधारपत्रावर ‘गडचिरोली, महाराष्ट्र’ अशी तफावत दिसताच ती दोष मानली जाते. वस्तुतः दोन्ही नोंदी आपापल्या काळी बरोबर आहेत.

राजुऱ्याची कथा आणखी निराळी. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ मध्ये चांद्याकडे आला. संस्थानी काळातील कागद उर्दूत आणि फसली सनात असत. फसली व इसवी सनांत सुमारे ५९० वर्षांचे अंतर आहे, आणि वर्षारंभ निराळा असल्यामुळे नुसती बेरीज करून तारीख काढली तर एक वर्षाची चूक सहज घडते. राजुरा भागातील जुन्या शालेय नोंदीवरून काढलेल्या जन्मवर्षाची तपासणी करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नावांचा प्रश्न भाषेतून उद्भवतो. या प्रदेशात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू व छत्तीसगढी बोलल्या जातात. उमेदवाराने आपले नाव स्वभाषेत उच्चारले, दुभाष्याने ते हिंदीत सांगितले आणि कारकुनाने रोमन लिपीत उतरविले. या तीन पायऱ्यांत ‘ळ’ व ‘ण’ यांचे वेगळेपण नाहीसे होते, ‘ड’ कधी ‘र’ होतो, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उरत नाही. मडावी हे आडनाव रोमनमध्ये ‘व्ही’ ने लिहावे की ‘डब्ल्यू’ ने, यास नियम नाही. सख्ख्या दोन भावांची आडनावे दोन प्रकारे लिहिली जाऊ शकतात. शिवाय व्यक्तिनाव, पितृनाम व आडनाव ही मराठी नामपद्धती सैन्याच्या नमुन्याशी जुळतेच असे नाही. कित्येक जुन्या पत्रकांत केवळ व्यक्तिनाव येते, पित्याचे नाव निराळ्या रकान्यात जाते आणि आडनाव गळते, अथवा त्याच्या जागी जमातीचे नाव येते.

स्त्रीच्या नावाबाबत अडचण दुहेरी आहे. विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची रीत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. जवानाने पलटणीत माहेरचे नाव कळविले आणि मतदारयादीत सासरचे नाव आले, तर एकाच स्त्रीच्या दोन व्यक्ती होतात. आदिवासी कुटुंबांत विवाहनोंदणीचा कागदही बहुधा नसतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २(२) प्रमाणे, केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे अन्यथा ठरविले नसल्यास, तो अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांचा विवाह रूढीने सिद्ध होतो. रूढी सिद्ध करणारे साक्षीदार मात्र वर्षागणिक कमी होत जातात.

४. दोषांचे तीन वर्ग

या सर्व दोषांचे तीन वर्ग पाडता येतात, आणि प्रत्येक वर्गाचा उपाय निराळा आहे.

पहिला वर्ग लेखनदोषाचा. मूळ आधारपत्र बरोबर असते, परंतु नक्कल करताना अक्षर किंवा अंक चुकतो. शीट रोलमध्ये एक तारीख आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात दुसरी, हे याचे नेहमीचे उदाहरण. येथे नव्या पुराव्याची गरज नसते. मूळ कागद दाखविला की पुरे होते.

दुसरा वर्ग नामभेदाचा. यात गावाचे, जिल्ह्याचे किंवा व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारांनी येते आणि दोन्ही नोंदी प्रामाणिक असतात. येथे काही बदलावयाचे नसून दोन नावांचे ऐक्य सिद्ध करावयाचे असते. वनप्रदेशातील बहुसंख्य तक्रारींचे स्वरूप पाहता त्या या वर्गात बसण्यासारख्या असतात; पण अर्ज मात्र ‘चूक दुरुस्त करावी’ असा केला जातो. मग कार्यालय चुकीचा पुरावा मागते, आणि चूक झालेलीच नसल्यामुळे तो पुरावा कोणाजवळही नसतो.

तिसरा वर्ग वस्तुस्थितीच्या दोषाचा. जन्मतारीख मुळातच अंदाजाने लिहिली गेली, विवाहाचा आदेश निघाला नाही, सेवेचा काही काळ मोजला गेला नाही, किंवा दुखापतीची नोंद राहून गेली. येथे स्वतंत्र व समकालीन पुरावा लागतो. भार सर्वस्वी सैनिकावरच असतो असे मात्र नाही. १९८२ च्या अपंगत्व-निवृत्तिवेतनविषयक नियमांनुसार भरतीच्या वेळी एखादा विकार नोंदलेला नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरले जाते. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हे तत्त्व स्पष्ट केले. अभिलेखाचे मौन काही वेळा सैनिकाच्या बाजूने बोलते, ते असे.

जन्मतारखेबाबत न्यायालयांची भूमिका कडक आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसंबंधी हरनाम सिंग प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने विलंबाने मागितलेली दुरुस्ती नाकारली. लष्करातील सर्वांत गाजलेले उदाहरण भूतपूर्व सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचे होय. त्यांची जन्मतारीख सैन्य मुख्यालयाच्या एका शाखेत १० मे १९५१ तर दुसऱ्या शाखेत १० मे १९५० अशी नोंदलेली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कल पाहून त्यांनी आपली याचिका मागे घेतली. खरा जन्मदिवस कोणता, यापेक्षा शासकीय अभिलेखात कोणता दिवस मान्य होऊन त्यावर पुढील निर्णय झाले, हा तेथील कळीचा मुद्दा होता. सेनाप्रमुखाच्या बाबतीत जे साधले नाही, ते जवानास उतारवयात साधणे अवघड आहे हे उघड आहे. सबब जन्मतारखेचा अर्ज करण्यापूर्वी तो लेखनदोषाचा आहे की वस्तुस्थितीच्या दोषाचा, हे प्रथम ठरविले पाहिजे.

५. पुराव्याची प्रतवारी

घटनेच्या वेळी, वाद उत्पन्न होण्यापूर्वी, आपले कर्तव्य म्हणून एखाद्या अधिकाऱ्याने केलेली नोंद ही सर्वांत बलवान. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याच्या कलम ३५ मध्ये हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

विदर्भात या प्रतीचा एक विशेष आधार उपलब्ध आहे, तो म्हणजे कोतवाल बुक. मध्यप्रांतात गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूची खबर द्यावयाची आणि तिची नोंद व्हावयाची, अशी पद्धती होती. तहसील कार्यालयांतून या जुन्या पुस्तकांच्या नकला मिळतात. जातपडताळणीच्या निमित्ताने त्या अनेक कुटुंबांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. या नोंदींची एक मर्यादा आहे. त्यांत पुष्कळदा बालकाचे नाव नसते, अमक्यास मुलगा झाला एवढेच असते. एकाच पित्यास तीन पुत्र असतील तर कोणती नोंद कोणाची, हे भावांच्या वयाच्या क्रमावरून ठरवावे लागते.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा दुसरा आधार. सर्वोच्च न्यायालयाने बिरदमल सिंघवी प्रकरणात १९८८ साली म्हटल्याप्रमाणे, ही तारीख कोणी व कशाच्या आधारे सांगितली हे कळल्याशिवाय तिला फारसे वजन देता येत नाही. ‘१ जुलै’ ही तारीख दिसल्यास विशेष सावध राहावे. शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजी ती लिहीत असत. शिवाय केवळ वर्षच ज्ञात असल्यास १ जुलै आणि महिना-वर्ष ज्ञात असल्यास त्या महिन्याची १६ तारीख धरावी, असा शासकीय वित्तीय नियमही आहे. आधारपत्राविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, ते ओळखीचा पुरावा असले तरी जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे. प्रतिज्ञापत्र हे सर्वांत शेवटी येते. ते पुराव्याची जोड आहे, पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही.

६. दुरुस्तीचा मार्ग

पहिली पायरी अर्जाची नसून वाचनाची आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली रेकॉर्ड ऑफिसकडून भरतीपत्रक, शीट रोल आणि संबंधित दैनिक आदेश यांच्या नकला मागाव्यात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. आपल्या अभिलेखात प्रत्यक्ष काय लिहिले आहे हे न पाहता केलेला अर्ज बहुधा भलत्याच वर्गात पडतो.

त्यानंतरचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. त्यासोबत डिस्चार्ज बुक व निवृत्तिवेतन-आदेश यांच्या प्रती, दंडाधिकाऱ्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि नावात बदल मागितला असल्यास वृत्तपत्रातील जाहिरात जोडण्याची रीत आहे. नामभेदाच्या प्रकरणी प्रतिज्ञापत्रात ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ एवढे लिहून भागत नाही. कोणते नाव कोणत्या कागदात व कोणत्या वर्षी आले, आणि जिल्हा कोणत्या तारखेस बदलला, हे क्रमाने दिल्यास तपासणाऱ्या कारकुनाचे काम सोपे होते.

रेकॉर्ड ऑफिसने मान्यता दिल्यावर प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (निवृत्तिवेतन) यांच्याकडून शुद्धिपत्र-आदेश निघतो. आता हा व्यवहार ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून होतो. जुनी माहिती या प्रणालीत आणताना पूर्वी निद्रिस्त असलेल्या अनेक तफावती जाग्या झाल्या. यास एक इष्ट बाजूही आहे : सैनिक हयात असतानाच त्या दिसू लागल्या.

अर्ज फेटाळला गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ प्रमाणे मुंबई येथील प्रादेशिक पीठाकडे जाता येते. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. परंतु चुकीच्या निवृत्तिवेतनाचा दोष दर महिन्यास नव्याने घडतो, असे तर्सेम सिंग प्रकरणात २००८ साली मानले गेले. त्यामुळे विलंब झाला तरी हक्क सर्वस्वी बुडत नाही. मात्र थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरतीच मिळते. विलंबाची किंमत ही अशी नेमकी मोजता येते.

या सर्व मार्गात एक तत्त्व अनुस्यूत आहे. दुरुस्ती म्हणजे जुनी नोंद पुसणे नव्हे; जुनी नोंद तशीच राहते आणि तिच्यापुढे आधार, क्रमांक व दिनांकासह नवी नोंद येते. डिस्चार्ज बुकातील नाव घरीच शाईने सुधारणारा माणूस आपल्याच पुराव्याचा नाश करतो. खाडाखोड दिसताच त्या कागदातील खऱ्या नोंदीही संशयास्पद ठरतात.

७. मूळ अभिलेख उरला नसल्यास

निवृत्तिवेतनास पात्र न ठरलेल्या जवानाची सेवाविषयक कागदपत्रे सामान्यतः २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. त्यानंतर ‘लाँग रोल’ मधील संक्षिप्त नोंद तेवढी काही काळ उरते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोकळे करण्यात आलेले अनेक सैनिक या वर्गात मोडतात.

ही आपत्ती इतर देशांवरही आलेली आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून अधिक संचिका जळाल्या. जुलै १९७३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील आगीत १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष संचिका नष्ट झाल्या. तेथे वेतनपत्रके, इस्पितळांच्या नोंदी अशा दुय्यम साधनांवरून अनेक सैनिकांची सेवा पुन्हा सिद्ध करण्यात आली. अमेरिकेत १९४६ च्या कायद्यापासून सेवाभिलेख सुधारण्यासाठी नागरी सदस्यांची मंडळेही आहेत. तेथील अनुभवावरून एवढे दिसते की, मुख्य कागद गेला तरी सेवेचा माग दुसऱ्या खात्यांच्या कागदांत शिल्लक असतो. आपल्याकडे पदकांवर कोरलेला सैनिक-क्रमांक, मनीऑर्डरीच्या पावत्या, इस्पितळाचे कागद आणि सहकारी सैनिकांची अधिकृत कागदपत्रे यांचा असाच उपयोग होऊ शकतो. नाव अनेकदा बदलते. सैनिक-क्रमांक क्वचित बदलतो. शोधाचा आरंभ त्यापासूनच करणे श्रेयस्कर.

८. उपसंहार

सेवाभिलेखातील दोषांचा विचार करता असे दिसते की, वनप्रदेशातील सैनिकाची मुख्य अडचण पुराव्याच्या अभावाची नसून पुरावे परस्परांशी जोडण्याची आहे. कोतवाल बुक चांद्याचे नाव सांगते, भरतीपत्रक मध्यप्रदेशाचे आणि आधारपत्र गडचिरोलीचे. या तीन कागदांतील गाव एकच आहे हे सांगणारा चौथा कागद त्याच्याजवळ नसतो.

हे काम विद्यापीठीय विभागांना करता येण्यासारखे आहे. १९५१ पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा-पुस्तिकांत गावांच्या याद्या आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक गावाची पूर्वीची व आजची तहसील, जिल्हा, राज्य आणि नावाची प्रचलित रोमन रूपे यांची समन्वयसूची तयार करता येईल. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास तर ती उपयोगी पडेलच. परंतु रेकॉर्ड ऑफिसला लिहिलेल्या अर्जाबरोबर तिचे एक पान जोडता आले, तर दूरच्या गावातील वृद्ध विधवेस आपण आपल्याच पतीची पत्नी आहोत हे सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागणार नाही.